तुम्ही विचारलंत म्हणून: खड्डा खणून भूकंप कळतो का?

कोयनेला जरा हादरा बसला की कोल्हापुरातनं फोन सुरू. 'अगं तू ते खड्डे खणतेस न्हवं, मग पुढचा कधी?' मामा, शेजारच्या काकू, परवा तर मिसळ खाताना पलीकडच्या टेबलावरचा अनोळखी माणूस. कधी ते मला माहीत नाही, कुणालाच नाही. आम्ही मागचे शोधतो.

हिमालयाखालच्या शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याला फॉल्टला, म्हणजे जमीन जिथं तुटून सरकते त्या भेगेला, आडवा चर मारायचा, भिंत खरवडायची, खिळे-दोरीनं मीटरमीटरचे चौकोन आखायचे आणि थर बघत बसायचं. तुटलेला थर भूकंपाच्या आधीचा, त्याच्यावर सलग पसरलेला नंतरचा. दोन्हीतल्या कोळशाचं कार्बनवरनं वय काढलं की भूकंप मधे कुठंतरी. हे 'मधे' कधीकधी काही शतकांचं असतं, ते मी पूर्वी सांगायचे नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी वरच्या सलग थरात नखाएवढा कोळसा मिळाला. फॉइलमध्ये गुंडाळला आणि सरांना लगेच सांगून टाकलं, वरची मर्यादा सापडली, भूकंप याच्या आधीचा! त्याच्याभोवतीची माती जरा भुसभुशीत होती, रंगही वेगळा. दिसलं होतं मला. पण अंधार पडत आलेला, शेतकऱ्याला गहू पेरायचा होता, सकाळी जेसीबी चर बुजवायला येणार होता, आणि खरं सांगायचं तर मला तो कोळसा तिथलाच हवा होता. चार महिन्यांनी रिपोर्ट आला, 'मॉडर्न'. म्हणजे १९५० नंतरचा, अणुचाचण्यांनी हवेत वाढवलेला कार्बन त्यात. उंदराच्या बिळातनं खाली गेलेला, कुणाच्यातरी चुलीतला तुकडा. फोटो झूम केला तर बिळाचा गोल स्पष्ट, माझ्या लॉगमध्ये, म्हणजे भिंतीच्या हातानं काढलेल्या चित्रात, मात्र तिथं काहीच काढलेलं नाही. परत बघायला जावं तर वर गहू उभा. थिसिसमधला तो भूकंप अजून वरच्या बाजूनं उघडाच आहे.

मग कशाला खणता? अहो, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं! लेखी नोंदी दोन-चारशे वर्षांच्या, फॉल्ट हजारो वर्षं गप्प बसू शकतो. हे मी तावातावानं सांगते, आणि सांगताना तो गोल आठवतो. किल्लारीत आधी चर मारला असता तरी मला त्यात काय दिसलं असतं, किंवा मी काय बघायचं टाळलं असतं?

मामाला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "म्हणजे तुझ्यापेक्षा उंदरानं नीट खणलं की गं."