आमची वाटचाल : हाताच्या अंदाजापासून काट्यापर्यंत

सांगलीत मार्च उजाडला की घरोघरी वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही चटणी म्हणतो ती म्हणजे कांदा-लसूण मसाला. २०१३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या दोन घरांना मी पाच-पाच किलोची चटणी करून दिली, तीच आमच्या व्यवसायाची सुरुवात. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या डोळ्यात तिखट जाऊ नये म्हणून ती झोपल्यावर मी मिरचीची देठं काढायला बसायची. पुढे धाकटा झाला, गावभागात भाड्याने गाळा घेतला, हाताखाली चार बायका आल्या, अन्नपरवाना झाला, पण ‘मुलं झोपल्यावर’ हीच माझ्या कामाची वेळ राहिली. दिवसभर गाळा आणि रात्री हिशेब, लेबलं, दुसऱ्या दिवशीचं सामान.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. गाळ्यातले तयार चटणीचे डबे, पुड्या बंद करायचं यंत्र, दिवाळीसाठी भरलेलं सामान, सगळं चिखलात गेलं. पाणी उतरल्यावर आम्ही पाचजणी फावड्याने गाळ ओढत होतो आणि त्या गाळाला लवंग-दालचिनीचा वास येत होता. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

कर्ज काढलं आणि विश्रामबागेच्या बाजूला, पुराचं पाणी येत नाही अशा ठिकाणी जागा घेतली. तेव्हापासून मी कोणालाच ‘नाही’ म्हणेनाशी झाले. पुण्या-मुंबईचे लोक कुरिअरने मागवू लागले, त्यांना हो. कुणाला बेडगी जास्त हवी, कुणाला लवंगी मिरचीचा झटका हवा, कुणाला खोबरं कमी, प्रत्येकाला त्याच्या मनासारखं करून द्यायचं. दिवाळीचा फराळही सुरू केला. हप्ता थकायला नको एवढंच डोक्यात होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. नव्या जागेला काही झालं नाही, पण तीन रात्री मी जागीच होते आणि नंतरही पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बसायची.

२०२३ च्या हंगामात अकराशे किलोची नोंदणी झाली. लोक अभिनंदन करत होते आणि मला फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. ज्या गिऱ्हाइकांवर आमचं घर उभं राहिलं त्यांचा आवाज नको वाटायचा. पहाटे तीनला जाग यायची. घरात कुणी पाण्याचा तांब्या मागितला तरी अंगावर ओरडायची, मग न्हाणीघरात जाऊन रडायची. एकदा थोरलीने शाळेच्या वहीवर सही मागितली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंनी तिला विचारलं, हे काय आहे? मी सहीच्या वर लिहिलं होतं, ‘पैसे मिळाले, बाकी नाही.’ पोरगी घरी येऊन काही बोलली नाही, फक्त वही पुढे ठेवली.

मे महिन्यात आम्ही चाळीस किलोचा एक घाणा काढला. जुलैत पहिला फोन आला, चटणीवर पांढरी बुरशी आली म्हणून. मग दुसरा, मग पाचवा. डबा उघडून बोटावर घेऊन पाहिलं, तर मीठच नव्हतं. कांदा-लसणाची ओल असलेला मसाला वर्षभर टिकतो तो मिठावर. किलोला पाव किलो खडे मीठ हे मी दहा वर्षं मुठीच्या अंदाजाने घालत आले होते आणि त्या दिवशी घातलंच नाही. वाईट म्हणजे कांडपावरून आल्यावर मी ती चटणी चाखली होती. मला काही कळलंच नव्हतं. जिभेला चव लागतेय की नाही, हेच कधीपासून माझ्या लक्षात नव्हतं. सगळा माल परत घेतला, पैसे दिले आणि त्या रात्री ह्यांना सांगितलं, मला हे आता जमत नाही.

आमच्या घरच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९ होतं. बाईला ते निदान १२ हवं. थायरॉईड ठीक निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहाने लोह नीट शोषलं जात नाही, हे मला थोड्या दिवसांनी कळलं. तोवर माझी गोळी रोज दहाच्या चहाबरोबरच जायची. मग त्यांनी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. जाताना मी पदराने तोंड झाकून रिक्षात बसले होते, इतकी लाज वाटत होती.

तिथे मला ‘बर्नआउट’ हा शब्द मिळाला. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाचा ताण वर्षानुवर्षं साचून होणारी अवस्था म्हणते आणि तीन खुणा सांगते : अंगातलं त्राण जाणं, कामाविषयी मन विटणं आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही माझ्यात होत्या. पण ती व्याख्या फक्त नोकरी-धंद्यापुरती आहे, घरातल्या कामाला ती लावत नाहीत. मला हे पटत नाही. ज्या बाईचा चुलीवरचा हात आणि धंद्यावरचा हात एकच आहे, तिने कुठला थकवा कुठल्या खात्यावर लिहायचा? डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली : दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागेना, जगणं नको वाटू लागलं, तर तो नुसता थकवा समजून घरी बसायचं नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस हा मदतीचा फोन आहे, त्याचा क्रमांक १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत. तो कागद आजही आमच्या गाळ्यात कॅलेंडरशेजारी चिकटवलेला आहे.

सगळे म्हणाले, माहेरी जाऊन ये. तासगावला आठ दिवस राहिले, आईच्या हातचं जेवले, दुपारी झोपले. परत आले आणि तिसऱ्या दिवशी होती तशीच झाले. कारण आठ दिवस गाळा बंद होता! मी नसले की चटणी होतच नव्हती. मिरची किती, खोबरं किती भाजायचं, दगडफूल-नाकेश्वर किती, सगळं माझ्या हातात होतं, कागदावर काहीच नव्हतं. ‘ताईंचा हात आहे’ असं लोक कौतुकाने म्हणायचे आणि मलाही ते गोड वाटायचं. त्या कौतुकानेच मला बांधून घातलं होतं.

मग चार हजारांचा काटा आणला. पंधरा दिवस मी नेहमीसारखी मूठ भरायची आणि आमच्यातल्या थोरल्या मावशी ती मूठ काट्यावर ठेवून आकडा लिहायच्या. माझी मिठाची मूठ कधी ७२ ग्रॅम, कधी ५८. इतक्या वर्षांचा ‘अंदाज’ असा हलत होता. सरासरी काढून सगळं ग्रॅममध्ये लिहिलं आणि भिंतीवर लावलं. सामान चढवलं की पुढे खूण करायची, मिठाच्या पुढे दोघींनी. पहिला घाणा मावशींनी एकट्यांनी काढला तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिले. बाहेर जाऊन हात घालायचा मोह आवरणं हे मला मिरजेच्या कुठल्याही गोळीपेक्षा जड गेलं.

बाकीचं भराभर झालं. फराळ बंद केला. तीनच प्रकारची चटणी ठेवली. नोंदणी सातशे किलोला थांबवली आणि दर किलोमागे १२० रुपयांनी वाढवला. काही जुनी गिऱ्हाइकं गेली, त्याचं वाईट वाटलं. मावशींचा पगार वाढवला आणि मीही पहिल्यांदा दरमहा पगार घेऊ लागले. संध्याकाळी सहानंतर धंद्याचा फोन कपाटात. घरी वादही झाले. सकाळचे डबे आणि शाळेचे निरोप ह्यांनी अंगावर घेतले ते दोन महिन्यांच्या कुरबुरीनंतर. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना आधी हे काहीच पसंत नव्हतं. “आम्ही काय थकलो नाही का?” म्हणाल्या. मी म्हटलं, “थकला होता आत्या, तुम्हाला कुणी विचारलं नाही.” त्या दिवशी त्या माझ्याजवळ बसून बराच वेळ बोलल्या.

पूर्ण बरं व्हायला वर्ष-दीड वर्ष गेलं. मध्ये एका दिवाळीला मोठी ऑर्डर घेतली आणि पुन्हा तीन वाजता जाग येऊ लागली. ती ऑर्डर अर्ध्यावर परत केली.

यंदाचा पहिला घाणा निघाला तेव्हा मी थोरलीच्या शाळेत होते. मावशी संध्याकाळी वाटीभर चटणी घरी घेऊन आल्या. आत्यांनी भाकरीच्या तुकड्यावर तेल घालून चाखली, थोडी माझ्या तळहातावर ठेवली आणि मावशींकडे बघत म्हणाल्या, “मीठ बरोबर आहे.” मला ठसका लागला. तिखट चांगलंच झालं होतं.