आधी प्रत, मग दुरुस्ती

घरगुती संगणकांची देखभाल आणि बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा परत मिळवून देणे हा माझा व्यवसाय आहे. मूळ बिघाडाने जेवढे नुकसान होते त्याहून अधिक नुकसान नंतरच्या घाईच्या उपायांनी होते, हे मी नेहमी पाहतो. पण एका संशोधक बाईंच्या संगणकावर काम करताना ते मला जितक्या स्पष्टपणे दिसले, तितके क्वचितच दिसले असेल.

बाई पीएच.डी.साठी वयोवृद्ध कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करत होत्या. त्यांचा संगणक काही दिवसांपासून सुरू व्हायला फार वेळ घेत होता आणि एखादे फोल्डर उघडले की तो मिनिटभर अडकून राहायचा. कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी आधी डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणारा प्रोग्रॅम) आणि मग रात्रभर चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवले. सकाळी विंडोज सुरूच होईना. माझ्याकडे आल्या तेव्हा मात्र त्या निर्धास्त होत्या. “सगळ्या मुलाखतींची कॉपी मी डी ड्राइव्हवर ठेवली आहे, सी ड्राइव्ह गेला तरी चालेल,” असे त्या म्हणाल्या. मी कॅबिनेट उघडून त्यांना आतली एकुलती एक हार्ड डिस्क दाखवली. सी आणि डी हे तिचेच दोन भाग होते. मुलाखत दिलेल्यांपैकी काही जण आता हयात नाहीत, हे त्यांनी मला त्यानंतर सांगितले.

डिस्क फिरत होती आणि ठोके पडल्याचा आवाज नव्हता, पण मधूनच वाचन अडून खरखर ऐकू येई. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांतल्या १९७ क्रमांकाच्या ओळीत वाचता न आलेल्या सेक्टरांची (डेटा साठवणाऱ्या छोट्या कप्प्यांची) संख्या दिसते. ती शेकड्यांत गेली होती. अशा डिस्कवर डीफ्रॅग चालवणे फार घातक असते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणाऱ्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर डेटा वाचणारे-लिहिणारे हेड तरंगत असते, आणि ते अशक्त झालेले असताना डीफ्रॅग त्याच्याकडून हजारो फाइलींचे तुकडे इकडून तिकडे हलवून घेते. चेकडिस्कचा धोका वेगळा आहे. फाइलींच्या नोंदींत गोंधळ झाला असेल आणि डिस्क धडधाकट असेल, तर ते उत्तम काम करते; मात्र डिस्कच वाचता येत नसेल, तर न वाचलेली नोंद खराब समजून ते दुरुस्तीच्या नावाखाली मूळ डिस्कवरच लिहू लागते. बाईंच्या कितीतरी मुलाखती अशा रीतीने नाव गमावून निनावी तुकड्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडल्या होत्या. (अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही लोक देतात. बाहेर काढल्यावर तिच्यावर ओल धरते, त्यामुळे तो कोणी कधीही मानू नये.)

मी ती डिस्क लिनक्स कार्यप्रणालीच्या संगणकाला जोडली, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही याची खात्री केली आणि डीडीरेस्क्यूने तिची हुबेहूब प्रत एका मोठ्या, निरोगी डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणाऱ्या जागा ओलांडून पुढे जातो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो; कुठे काय राहिले याची नोंद तो एका नकाशात ठेवत असल्यामुळे काम मध्ये थांबले तरी तिथूनच पुढे नेता येते. पहिली फेरी संपल्यावर नकाशात न वाचलेल्या जागा ठरावीक अंतरावर, पट्ट्यापट्ट्यांनी उमटल्या होत्या. म्हणजे अनेक हेडांपैकी एकच हेड दगा देत होते. इथे मी थांबलो. आणखी रेटले तर ते हेड तबकडी ओरबाडेल अशी भीती होती. हेड बदलायचे तर डिस्क क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते, आणि तो खर्च मोठा असतो. जे हाती आले आहे ते आधी तपासू, असे बाईंच्या संमतीने ठरले.

एव्हाना प्रत सुरक्षित होती, त्यामुळे पुढचे सगळे काम मी प्रतीच्या प्रतीवर केले. न वाचलेल्या प्रत्येक सेक्टरात मी एक ठरावीक मजकूर भरला आणि तो कोणकोणत्या फाइलींत सापडतो हे शोधले. नुकसान झालेल्या मुलाखतींची नेमकी यादी त्यातून तयार झाली. बॅकअप म्हणून कुचकामी असलेली डी ड्राइव्हवरची कॉपी इथे उपयोगी पडली, कारण त्याच मुलाखतीचा सी आणि डी वरचा खराब भाग सहसा एकाच ठिकाणी येत नव्हता. एकीकडचा सदोष तुकडा दुसरीकडून भरून काढता आला. निनावी तुकड्यांची नावेही डी वरच्या जुळ्या फाइलींवरून लागली. अर्थात हेड कोसळले असते तर दोन्ही कॉप्या एकदमच गेल्या असत्या, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

दोन्हीकडे खराब निघालेल्या मोजक्याच फाइली उरल्या. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, सीडीच्या दर्जाचे होते. त्यात ४०९६ बाइटचा एक सेक्टर म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी. तिथे शांतता भरल्यावर ऐकताना किंचित टक् असे वाजते, पण बोलणाऱ्याचा शब्द कळतो. तेच एखाद्या जेपेग छायाचित्रात झाले असते, तर त्या जागेपासून खालचे चित्र बिघडू शकले असते.

आता बाईंकडे दोन बाह्य डिस्क आहेत. एक घरी असते, दुसरी नातेवाइकांकडे. कॉपी झाली की या डिस्क संगणकापासून काढून ठेवायच्या, असा मी आग्रह धरला, कारण २०१७ च्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्रायसारखे रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम) संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करते. बाई निघण्यापूर्वी मी त्यांना दोन्ही डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून प्रत्येकीवरची एक मुलाखत ऐकायला सांगितली. पहिलीवरची मुलाखत सुरळीत वाजली. दुसरी डिस्क संगणकाने ओळखलीच नाही; तिची केबल सदोष निघाली आणि ती बदलल्यावरच त्या घरी गेल्या.