वायरीचा ताठा

माझ्या टेबलावर हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर आहे. पोळीच्या डब्याहून लहान, वजन अर्धा किलोसुद्धा नाही. रात्री त्याचं तोंड माझ्याकडे करून ठेवलं, की सकाळी तो भिंतीकडे वळलेला. रुसल्यासारखा. भुताटकी वगैरे काही नाही, मागे खोचलेली वायर त्याला फिरवते. कॉम्प्युटरला असते तीच, काळी, शिसपेन्सिलीएवढी जाड. कारखान्यात तिची जी घडी घातली, ती विसरायला ती तयारच नाही.

बरं, या यंत्राचा आहार किती? दहा वॅट. 230 व्होल्टवर म्हणजे जेमतेम 43 मिलिअँपिअर. आणि वायर 10 अँपिअरची! इस्त्री आणि मिक्सर दोन्ही तिच्यावर आरामात चालतील. मांजराच्या गळ्यात बैलाचा कासरा.

बारीक वायर शोधायला पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो.

"काका, बारीक कशाला? गरम होईल."

"अहो, दहा वॅटचं मशीन आहे."

"मग जाड चालेल की!"

यावर काय बोलणार? आपल्याकडे जाड म्हणजे टिकाऊ, हे साडीपासून सळईपर्यंत ठरलेलं आहे. पण घरी येऊन विचार केला, तर तो दुकानदार अगदीच चूक नव्हता. ब्रिटिश थ्री पिन टॉपमध्ये फ्यूज असतो, 3 किंवा 13 अँपिअरचा. वायरीची काळजी टॉपच घेतो. आपल्या टॉपमध्ये फ्यूज नसतो. आत कुठे शॉर्ट झालं तर भिंतीतला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पडेपर्यंत सगळा लोंढा वायरीनेच सोसायचा. म्हणजे तिची जाडी माझ्या ॲम्प्लिफायरसाठी नाहीच, भिंतीसाठी आहे.

मग एक जुनी, कायमची बाद झालेली वायर ब्लेडने कापून पाहिली. बाहेरचं काळं साल, आत तीन नळ्या, प्रत्येकीत केसासारख्या चोवीस तारा. ही 0.75 स्क्वेअरची, म्हणजे प्रत्येक नळीत तेवढे चौरस मिलिमीटर तांबं. तिन्हींचं तांबं मिळून सव्वादोन चौरस मिलिमीटर, आणि अख्ख्या वायरीचा छेद अडतीसच्या आसपास. म्हणजे तांबं सतरावा भाग, बाकी सगळं प्लॅस्टिक! हा ताठा तांब्याचा नव्हताच. तारा बिचाऱ्या बोटावर गुंडाळल्या जात होत्या. ताठ होतं ते साल, आणि पीव्हीसी थंडीत आणखी कडक होतं, जुनं झालं की तर विचारूच नका. आईच्या इस्त्रीची वायर आठवली. आत रबर, वरून काळ्यापांढऱ्या सुताची वीण. गरम इस्त्री चुकून टेकली तरी वितळायची नाही, आणि दोरीसारखी पडून राहायची.

टेपरेकॉर्डरची ती इंग्रजी आठच्या आकाराच्या तोंडाची वायर कशी सडपातळ असते! पण ती दोनच तारांची, अर्थिंग नसलेली. माझा ॲम्प्लिफायर पत्र्याचा, त्याला अर्थिंग हवंच. अर्थ नसलेली वायर लावून उगाच पत्र्याला हात लावताना मुंग्या कोण आणून घेणार?

शेवटी दुसऱ्या दुकानात सिलिकॉनच्या सालीची थ्री कोअर, म्हणजे अर्थिंगसकट तीन तारांची वायर मिळाली. जाडी फारशी कमी नाही, पण मऊ, हातात घेतली की मान टाकते. धारदार कोपऱ्यावर घासली तर साल फाटते, तेवढं जपायचं. किंमत ऐकून मात्र मी दीड फुटाचीच घेतली.

आता ॲम्प्लिफायर ठेवला तसा बसतो. फक्त भिंतीवरचा बोर्ड चार फूट लांब असल्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड टेबलावर आणून ठेवावा लागला. त्याची वायर दीड स्क्वेअरची आहे. काल सकाळी बोर्ड भिंतीकडे वळलेला होता.