भिंतीवरचं जय हिंद

काल म्हापशाच्या घरी आजीजवळ बसले होते, बोलता बोलता विषय गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या काळावर गेला आणि ती एकदम हळू आवाजात बोलायला लागली, घरात आम्ही दोघीच असूनसुद्धा. ६० वर्षं होऊन गेली तरी ती सवय जात नाही हे बघून मला खूप वाईट वाटलं.

त्या काळी लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरकडे न्यावी लागायची, खरंच, लग्नपत्रिका! सभा घ्यायलाही परवानगी लागायची म्हणून तर १८ जून १९४६ ला समाजवादी नेते राम मनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. नंतर तर पीआयडीई, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचे गुप्त पोलीस, इथेही आले. बाजारात कोण कान लावून बसलंय कळायचं नाही. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांना तर पकडून थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात ठेवलं.

आणि अशात कोणीतरी रात्री कोळशाने भिंतीवर 'जय हिंद' लिहून जायचं. आजी म्हणाली, सकाळी ते दिसलं की लोक बघून न बघितल्यासारखं करायचे, कारण थांबून वाचलं तरी संशय, आणि ज्याची भिंत त्याची तर चौकशी ठरलेलीच, म्हणून घरवालेच घाईघाईने चुना फासायचे. पण तिच्या वडिलांनी एकदा चुना मुद्दाम पातळ कालवला. दोन दिवसांत अक्षरं परत दिसायला लागली गं, असं सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मोठा झाला.