मिराजमधले शेवटचे पाहुणे

लास वेगासचं मिराज हे हॉटेल-कॅसिनो 17 जुलैला कायमचं बंद होणार, हे आम्हाला 15 मे 2024 ला सांगण्यात आलं. बातमी शिळी होती, फक्त तारीख नवी. डिसेंबर 2022 मध्येच एमजीएम कंपनीनं इथला कारभार हार्ड रॉक कंपनीला 107 कोटी 50 लाख डॉलरना विकला होता. दारातला कृत्रिम ज्वालामुखी पाडून तिथे गिटारच्या आकाराचं, जवळजवळ 700 फूट उंचीचं हॉटेल बांधायचं हेही ठरलेलं होतं. पण लोकांचं तसंच असतं. बंद होणार म्हटल्यावर कोणी हललं नाही, तारीख छापून आली आणि फोन थांबेनात. सगळ्यांचं मागणं एक: शेवटचं एकदा राहायचंय.

मी फ्रंट डेस्कवर होते. मूळची सोलापूरची. आमच्या काउंटरच्या मागे भिंतभर मत्स्यालय होतं, 53 फूट लांब, 20,000 गॅलन खाऱ्या पाण्याचं. म्हणजे साधारण पाऊण लाख लिटर. ज्या गावात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं तिथल्या बाईला वाळवंटात पाऊण लाख लिटर पाठीशी घेऊन उभं राहायचा पगार मिळत होता. आईला हे मी कधी नीट पटवू शकले नाही. त्या दोन महिन्यांत येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाचा प्रश्न ठरलेला, मासे कुठे जाणार? माझ्या शेजारी उभा राहणारा सहकारी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "त्यांना आमच्याआधी नोकरी मिळाली."

मिराजचं एवढं कौतुक का, हे आज स्ट्रिपवर, म्हणजे वेगासच्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, फिरणाऱ्याला कळणार नाही, कारण आता सगळंच मिराजसारखं आहे. 22 नोव्हेंबर 1989 ला ते उघडलं तेव्हा स्ट्रिपवर 16 वर्षांत एवढं मोठं नवं हॉटेल झालेलं नव्हतं. कॅसिनोमालक स्टीव्ह विन यांनी 63 कोटी डॉलर खर्चून 3,044 खोल्या बांधल्या, त्यातही बराच पैसा चढ्या व्याजाच्या जंक बाँडमधून उभा केलेला. दिवसाला दहा लाख डॉलर आले तरच हप्ते निघतील, असं तेव्हा म्हणत. ते आले. मग प्रत्येकाला तसंच काहीतरी हवं झालं. काचांवर सोन्याची झाक, आत काचेच्या घुमटाखाली पावसाळी जंगल, बाहेर ज्वालामुखी, आणि सीगफ्रीड-रॉय या जादूगार जोडीचे पांढरे वाघ. अमेरिकेतल्या पांढऱ्या वाघांची मुळं बऱ्याच अंशी आपल्या रेवा संस्थानात जातात. 1951 मध्ये तिथे पकडलेल्या मोहनच्या वंशातली मोहिनी 1960 मध्ये वॉशिंग्टनला आली. हे मी एकदा पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं तर ते म्हणाले, "हो का? आणि बुफे कुठे आहे?" वाघांचा खेळ 3 ऑक्टोबर 2003 ला संपला. त्या रात्री मंचावरच वाघानं रॉय हॉर्न यांना जबर जखमी केलं होतं. तरी निरोप घ्यायला आलेल्या निम्म्या लोकांच्या तोंडी वाघच होते.

निरोपाच्या मुक्कामाला येणारे लोक खोली मागत नाहीत, तीच खोली मागतात. हे मला आधी लक्षात आलं नव्हतं. कोणाला पंचविसाव्या मजल्यावरची कोपऱ्यातली, कोणाला लिफ्टसमोरची, "जिथे आम्हाला आवाजानं झोप लागली नव्हती तीच". खोल्या दोनदा-तीनदा आतून बदललेल्या, पलंग नवे, गालिचे नवे, एवढंच काय बाथरूमच्या फरश्याही नव्या. तिथे त्यांचं काय उरलं होतं? आमचा सगळा धंदाच पाहुण्याचा माग पुसण्याचा. अकराला एक जण बाहेर पडतो, तीनला दुसरा आत शिरतो, आणि मधल्या वेळेत हाउसकीपिंगच्या बायका पहिल्याचा केसही ठेवत नाहीत. पण खोलीचा नंबर उच्चारला की लोकांचे चेहरे पालटायचे. मी शक्य तिथे देत होते. शक्य नसेल तिथे त्याच्या वरची किंवा खालची देत होते आणि बऱ्याच जणांना फरक कळला नाही.

वस्तू तर किती गेल्या! पेनं, 'त्रास देऊ नका'च्या पाट्या, की-कार्डं. एकानं दारावरची नंबराची पट्टी स्क्रू काढून नेली. नेण्याआधी मला खाली येऊन विचारलं की तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर मिळेल का. ज्वालामुखीकडे तोंड असलेल्या खोल्या संपल्या तरी मागणी संपेना.

त्या ज्वालामुखीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण आपल्या लोकांना त्यातली खरी गंमत माहीत नसते. गॅसचा वास झाकायला विन यांनी त्यात पिना कोलाडाचा वास मिसळला होता, हे सगळे सांगतात. पण 2008 मध्ये तो नव्यानं बांधला तेव्हा त्याचं संगीत अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्ट आणि झाकिर हुसेन यांनी केलं. आपल्या माहीमच्या झाकिरभाईंचा ताल, वेगासच्या फुटपाथवर, फुकट. सॅन होजेहून एक मराठी कुटुंब आलं होतं. माझ्या छातीवरचं नाव वाचून काकू म्हणाल्या, "अगं, तू आपलीच की!" मग पाचच मिनिटांत मी कोणाची कोण हे निघालंच. त्यांच्या काकांना झाकिरभाईंचं सांगितलं तेव्हा ते 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात बाहेर कठड्याला टेकून सलग तीन उद्रेक ऐकून आले. घामानं निथळत परतले आणि म्हणाले, "समेवर बरोब्बर आग निघते हो!" त्याच आठवड्यात, 7 जुलैला, वेगासनं 120 फॅरनहाइट गाठलं होतं, म्हणजे जवळजवळ 49 सेल्सिअस, शहराच्या नोंदीतला सर्वांत तापलेला दिवस. काकूंनी मला तिळाच्या चटणीची पुडी दिली. डिसेंबरात झाकिरभाई गेले तेव्हा पहिल्यांदा त्या काकांचीच आठवण झाली.

त्याच 7 जुलैला बीटल्सच्या गाण्यांवरचा सर्कस द्यू सोलेचा खेळ बंद झाला, 2006 पासून चाललेला. आणि 9 तारखेपासून वेगळीच गर्दी लोटली. नेवाडात साठत जाणाऱ्या जॅकपॉटची रक्कम कॅसिनोला गिळता येत नाही, ती खेळणाऱ्यांना परत करावीच लागते. मिराजकडे अशी सोळा लाख डॉलरची रक्कम शिल्लक होती. ती रोज सोडत काढून वाटायला लागले. वेगासचे स्थानिक, एरवी स्ट्रिपकडे फिरकतही नाहीत, रांगा लावून मशिनींना चिकटले. त्यांना निरोपाशी काही देणंघेणं नव्हतं आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. उलट ते जास्त प्रामाणिक वाटले. रडणारे पाहुणे आणि शिव्या देत बटणं दाबणारे स्थानिक एकाच लिफ्टमधून खालीवर करत होते.

आमचं काय, हे विचारणारे थोडे होते. तीन हजारांहून जास्त माणसं कामावर होती. 1989 पासूनची काही होती. उघडण्याच्या दिवशी ज्यांनी चादरी घातल्या त्यांच्यापैकी काही बायका शेवटच्या चादरी काढायलाही होत्या. युनियनच्या कामगारांसमोर दोन पर्याय होते. नोकरीच्या दर वर्षामागे 2,000 डॉलर, सहा महिन्यांचं पेन्शन आणि आरोग्य विमा घेऊन मोकळं व्हा, किंवा कमी रक्कम घेऊन 36 महिन्यांपर्यंत परत बोलावण्याचा हक्क राखा. गिटार 2027 मध्ये उभी राहणार असं सांगत होते. हिशेब करायला बायका माझ्याकडे यायच्या, कारण मी भारतीय, म्हणजे गणित येत असणार. बहुतेकींनी एकरकमी घेतली. गुडघे 36 महिने थांबत नाहीत, असं एक फिलिपिनो बाई म्हणाली.

खोल्यांची बुकिंग 14 जुलैपर्यंतच होती, कॅसिनो 17 ला सकाळी अकराला थांबला. आईचा फोन आदल्या संध्याकाळी आला, तिच्याकडे 17 उजाडलेली. "आज आषाढी आहे, उपास धर." मी म्हटलं, आमच्या स्टाफ कॅन्टीनमध्ये उपासाचं फक्त फ्रेंच फ्राइज असतात. "मीठ साधं घालतात का बघ," ती म्हणाली. 17 ला आम्ही बाहेर टाळ्या वाजवत उभे होतो, कोणी रडत, कोणी व्हिडिओ काढत. एक माणूस बॅग ओढत आला आणि चेक-इन कुठे म्हणून विचारू लागला. खरोखर. त्याला काहीच माहीत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते 13 तारखेचं, शनिवारचं. दुपारी तीनची झुंबड. कॅलिफोर्नियाचं एक जोडपं आलं, दोघंही सत्तरीतली. बुकिंग बाईंच्या नावावर, राहिलं-खेळलं की पॉइंट्स जमतात ते कार्डही त्यांचंच. नवरा बोलका. म्हणाला, "लग्नाच्या वाढदिवसाला दर फेब्रुवारीत आम्ही इथे. बाई, जरा मोजून सांगा, एकूण किती रात्री दिल्या आम्ही तुमच्या हॉटेलला. आकडा मी फ्रेम करून लावणार."

मी स्क्रीनवर मागच्या मुक्कामांची यादी उघडली. फेब्रुवारी होत्या. पण मधे मधे दुसऱ्याही तारखा होत्या. ऑगस्टातला मंगळवार. नोव्हेंबरातला बुधवार. एका रात्रीचा मुक्काम, एकच माणूस, एकच किल्ली, सगळे त्याच कार्डावर. बऱ्याच होत्या.

मी मान वर केली. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. मागच्या माशांकडे पाहत होत्या, फार लक्ष देऊन, जणू त्यांना एखादा विशिष्ट मासा शोधायचा होता.

फ्रंट डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवतात की खोलीचा नंबर मोठ्यानं बोलायचा नाही, किल्लीच्या पाकिटावर लिहून बोट ठेवायचं. कोण, कधी, कोणाबरोबर राहिलं हे नवऱ्याला नाही, बायकोला नाही, वकिलाला तर नाहीच नाही. नियम सोपा. तो पाळताना चेहरा सरळ ठेवणं अवघड. मी म्हटलं, "मालकी बदलली तेव्हा सिस्टिम बदलली साहेब, जुन्या नोंदी मला इथून दिसत नाहीत." त्याला वाईट वाटलं. मग त्यानं स्वतःच बोटांवर हिशेब केला आणि आकडा काढला. मी तो हॉटेलच्या कागदावर सुबक अक्षरात लिहून, तारीख घालून दिला. तो खूश. ज्वालामुखीकडची खोली मी दिली. ती खरं तर दुसऱ्या कोणासाठी धरून ठेवली होती.

रात्री नऊच्या सुमाराला बाई एकट्या आल्या. नवरा टेबलावर खेळत होता. त्यांनी ओळखपत्र आणि कार्ड काउंटरवर ठेवलं.

"जुन्या नोंदी आता दिसतायत का?"

"आता दिसतायत."

"मग मला माझी यादी छापून द्या. मी एकटी आलेली तेवढी."

कार्ड त्यांचं, नाव त्यांचं, मागण्याचा हक्कही त्यांचाच. मी छापून दिली. त्यांनी चष्मा चढवला, रांग मागे खोळंबलेली असताना एकेक ओळ बोटानं खाली आणत वाचली. मधेच हसल्या, एका तारखेवर बराच वेळ थांबल्या. त्या एकट्या कशासाठी यायच्या, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जुगार फारसा नव्हता एवढं मात्र दिसत होतं, पॉइंट्स अगदीच किरकोळ.

"ह्यात दोन कमी आहेत," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा पाहिलं. नव्हत्या. तसं सांगितलं.

"असायला हव्यात. 1998 आणि 1999. दोन्ही ऑक्टोबर."

"तेव्हा कार्ड दाखवलं नसेल. किंवा," मी जरा थांबून म्हटलं, "दुसऱ्या नावानं उतरला असाल."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "अरे हो," म्हणाल्या, "बरोबर आहे." कागदाच्या चार घड्या घालून पर्समध्ये टाकला, काउंटरवर वीस डॉलरची नोट ठेवली आणि ब्लॅकजॅकची टेबलं कुठल्या बाजूला हलवली आहेत ते विचारून नवऱ्याला शोधायला गेल्या.