भद्रेश्वराचा अडकित्ता

१९७४ साली आम्ही नववीत होतो. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ‘संगीत शारदा’तले निवडक प्रवेश करायचं ठरलं. मला नायक कोदंड हवा होता, वाट्याला आला भद्रेश्वर दीक्षित. मी हिरमुसलो. मराठीच्या सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “अरे, सगळं नाटक हा एकटा चालवतो. नीट वाच.”

वाचलं. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला बोहल्यावर चढवायचं, कांचनभटाला पैशाची चटक लावून त्याची पोरगी शारदा द्यायला तयार करायचं आणि मधल्या मध्ये आपलं उखळ पांढरं करायचं, हा दीक्षितांचा धंदा. वधूवरांचं गोत्र एकच, तेही हा गृहस्थ दडपतो. तालमीत मी भुवया चढवून, आवाज घोगरा करून बोलायला लागलो. सरांनी तिथंच थांबवलं. “हा माणूस खलनायक आहे हे तुला ठाऊक आहे, त्या कांचनभटाला नाही. त्याला तो देवमाणूस वाटतो. लोभ कांचनभटाच्या पोटात आधीपासूनच आहे, दीक्षित फक्त त्याला मान देतो. तसा गोड बोल.”

मग त्यांनी माझ्या हातात अडकित्ता दिला. कुणाकडून तरी आणलेला, बोथट. सुपारी कातरत बोलायचं, घाई करायची नाही आणि पैशाचा आकडा तोंडातून निघाला की खांड तोडायचं. तो ‘कट्’ आवाज जमायला मला आठ दिवस लागले. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आणलं, इंदूरला, किर्लोस्कर मंडळीकडून. त्यांच्या सात नाटकांतलं हे एकच स्वतंत्र, बाकीची रूपांतरं. हेही सरांनी सुपारी कातरता कातरताच सांगितलं.

प्रयोग रंगला. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ला वन्समोअर मिळाला. माझ्या प्रवेशाला लोक पोट धरून हसले. त्या हशाची नशा घरी येईपर्यंत उतरली नव्हती.

आजी मात्र गप्प होती. जेवणं झाल्यावर मी विचारलं, “आवडलं नाही का गं तुला?”

“चांगलं केलंस,” ती म्हणाली. “आमच्याकडे आला होता तो अस्साच बोलायचा. सगळ्यांची चौकशी करायचा. ताक मीच नेऊन दिलं त्याला. पोरीच्या हाताला चव आहे, म्हणाला. मला किती बरं वाटलं होतं.”

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आजोबांचा आमच्या घरात एकच फोटो होता, आणि त्यात ते म्हातारेच दिसत. आजोबा बिजवर होते हे मला माहीत होतं. पण ते लग्न कुणीतरी ओसरीवर बसून, ताक पीत, हसतखेळत जुळवलं होतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. “तो शारदा कायदा आला, पण माझ्यानंतर,” ती म्हणाली. हरबिलास सारडांच्या नावाचा १९२९चा बालविवाहबंदीचा कायदा तिच्या लेखी या नाटकातल्या शारदेचाच होता. मी तो समज कधी खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “त्यांना पुढच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसव.”

पुढचा प्रयोग महिनाभराने, इमारत निधीसाठी झाला. निघताना आजीने फडताळातून स्वतःचा पितळी अडकित्ता काढला आणि धार बोटाने चाचपून माझ्या हातात ठेवला. “तुझा तो बोथट आहे. आवाज येत नाही.” त्या रात्री माझ्या प्रवेशाला ती हसली नाही. भर मांडवात लग्न मोडलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तिच्या टाळ्या ऐकू आल्या. आम्ही मुलं पडद्याआडून बघत होतो. हात डोक्याच्या वर नेऊन ती टाळ्या वाजवत होती.

तो अडकित्ता आता शाळेच्या महोत्सवातल्या प्रदर्शनासाठी शाळेकडे देतो आहे. त्याची धार अजून चांगली आहे. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.