धुळे ते गड, पायी

धुळ्याहून निघताना सगळ्यांचे आवाज खडे असतात. लळिंगपर्यंत ‘सप्तशृंगी माता की जय’ टिपेला, झोडगे येईतो निम्म्यावर, पुढे नुसत्या चपला वाजतात. थकत नाही तो मंडळाच्या गाडीवरचा डीजे. चैत्रातलं 42 अंशांचं ऊन, पायाखाली हायवेचं डांबर आणि सिनेमाच्या चालीवरचं देवीचं गाणं. मी जप करत होते म्हणावं तर त्यात निम्म्या शिव्या त्या पोरांना होत्या.

मालेगावात शिरताना डाव्या टाचेखालचा फोड टरारून आला. जाऊबाई पुढे निघून गेल्या. त्यांचा नवस आहे, त्यांना थांबणं चालत नाही. मी एका गल्लीच्या तोंडाशी सावली बघून टेकले. आत यंत्रमागांची खटखट चालली होती. डीजेपेक्षा तो आवाज काही कमी नव्हता, पण त्याचा राग नाही आला. ओट्यावर एक म्हातारी कांड्या भरत बसली होती. माझ्याकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाली, “पाँव दिखा.”

आधी मला संकोच वाटला. चार गावांची धूळ त्या पायावर. तिने मात्र सरळ मांडीवर ओढून घेतला. नातीला हाक मारून सुई मागवली, गॅसवर धरून लाल करायला लावली, मग कांडीवरचाच कोरा धागा ओवला. फोडाच्या एका कडेने सुई आत, दुसरीकडून बाहेर. दुखलं नाहीच. धागा आत राहू देऊन दोन्ही टोकं बोटभर सोडून कापली आणि त्या टोकांवरून पाणी थेंब थेंब ओट्यावर गळायला लागलं. “चमडी मत निकाल. धागा रहने दे, सूख जाएगा.” वर जुन्या ओढणीची पट्टी.

माठातलं पाणी देताना तिने विचारलं, “वहाँ बस नहीं जाती?”

“जाते की.”

“फिर? मन्नत है?”

“नाही.”

ती खळखळून हसली. नातही हसली. मला उत्तर सुचेना, मीही हसले आणि उठले.

सौंदाणे, देवळा, कळवण. ताक कुठे मिळालं, खिचडी कुठे, सगळी सरमिसळ झाली आहे. कळवणच्या अलीकडे पहाटे केव्हातरी डीजेचं जनरेटर बंद पडलं (देवी पावली!). पुनवेला आलेला चंद्र होता. शेतात काढलेल्या उन्हाळ कांद्याचा वास, कुठेतरी टिटवी. सातमाळ्याचे डोंगर काळे दिसत होते, त्यात धोडपची ती खाच. मी बराच वेळ काही म्हणतच नव्हते. जप कधी सुटला कळलं नाही, आणि परत धरावासाही वाटेना. टाच ठणकत होती. असं किती चालले असेन कोण जाणे. मग जाऊबाईंचा आवाज आला, “चाल व माय, आते गड दखाई रायना!” आणि पाठोपाठ त्यांनी माझ्या वाटची मीठ लावलेली कैरी खाऊन टाकल्याचंही सांगितलं.

नांदुरीहून घाटाने न जाता रडतोंडीच्या पायवाटेने चढलो. वर 2018 पासून ट्रॉली आहे. माझ्यासारख्या लंगड्यांनी तिने जावं, पण इतकं चालून शेवटाला बसायचं जिवावर आलं. दर्शन म्हणजे धक्का, अठरा हात, मार्कंडेयाचं पुराण ऐकायला कललेली ती मान, की लगेच “चला, पुढे चला”. मागायचं काही ठरवलं नव्हतं, ते बरंच झालं; मागायला वेळच नव्हता.

खाली एसटीच्या रांगेत मंडळाचा पोरगा वही घेऊन फिरत होता, पुढच्या वर्षीची नावं लिहायला. म्हटलं, नाव लिही, डीजेची वर्गणी देणार नाही.

“ताई, आईच्या पायथ्याशी असं बोलू नये.”

“जेवणाचे दुप्पट घे.”

त्याने दुप्पट लिहिले. डीजेचेही लिहिले, हे मी गावी आल्यावर कळलं.